विसार दिला, म्हणजे विसरा?

"दादा, विसार दिला म्हणजे विसरा."

एजंटने हे हसत हसत सांगितलं म्हणे. माझा मावसभाऊ मला फोनवर ते सांगत होता तेव्हा तो काही हसत नव्हता. भांडुपला त्याने एक वन बीएचके पाहिला होता, जुन्या सोसायटीतला, तिसऱ्या मजल्यावरचा, ९५ लाखांचा. बायकोला स्वयंपाकघराची खिडकी आवडली, याला स्टेशनपासूनचं अंतर आवडलं. मालक म्हणजे एक निवृत्त जोडपं, गावी परत जायचं म्हणून घर विकत होतं. त्यांच्याच सोफ्यावर बसून, चहा यायच्या आत, भावाने मोबाइलवरून १ लाख रुपये पाठवून दिले. एजंटने तिथल्या तिथे सगळ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहिलं, 'टोकन रिसीव्ह्ड. डील फायनल.' पुढे हात जोडल्याच्या चार खुणा.

तीन आठवड्यांनी बँकेच्या वकिलाने फाइल परत पाठवली. इमारतीला ओसीच, म्हणजे इमारत वापरायला महापालिका देते ते भोगवटा प्रमाणपत्रच नव्हतं, आणि त्याशिवाय ती बँक कर्ज द्यायला तयार नव्हती. भावाने पैसे परत मागितले आणि त्याला वरचा विनोद ऐकायला मिळाला.

मी वकिली करतो, पण कोर्टात उभा कमी राहतो, कागद जास्त लिहितो. दादरला माझ्या टेबलासमोर येऊन बसणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं दुखणं याच एका रकमेचं असतं. कुणी तिला टोकन म्हणतं, कुणी अॅडव्हान्स, कुणी बयाणा, कुणी डिपॉझिट. शब्द बदलला तरी पैसा तोच, असं सगळ्यांना वाटतं. तसं नसतं. म्हणून एजंटचा तो विनोद कानाला गोड लागला तरी कायद्याला अर्धाच मान्य आहे. कुठला अर्धा, ते बघू.

विसार, इसार, इसारा हे तिन्ही शब्द एकच. सौदा ठरला याची खूण म्हणून विकत घेणाऱ्याने विकणाऱ्याच्या हातावर ठेवलेली रक्कम. बयाणा हा त्याचा भाऊ. अरबीत 'बय' म्हणजे विक्री, त्यावरून तो आला. जुन्या दस्तऐवजांत खरेदीखताला 'बैनामा' म्हणतात, तोही त्याच घरातला. संस्कृतातला शब्द मला सगळ्यात आवडतो: सत्यंकार. अमरकोशात सत्यापन, सत्यंकार, सत्याकृति असे तीन शब्द एकाच ओळीत येतात आणि तिन्हींचा अर्थ 'खरं करणं'. तोंडी बोलणं हवेत विरून जातं. काहीतरी हातावर ठेवलं की ते खरं होतं. विसाराचं काम एवढंच. रक्कम किती हा नंतरचा प्रश्न.

कोकणातल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. गणपतीच्या शाळेत घरचा पाट नेऊन दिला की मूर्ती ठरली. पाट काही मूर्तीची किंमत नाही. पण तुमचा पाट मूर्तिकाराकडे असताना तुम्ही ऐनवेळी दुसरीकडून गणपती आणणार नाही, आणि तुमचा पाट घरात ठेवून तोही तुम्हाला 'यंदा जमलं नाही' म्हणणार नाही. सुपारीचंही तसंच. तमाशाचा फड असो, बँजो पार्टी असो की नाटकाचा कंत्राटी प्रयोग असो, 'सुपारी घेतली' म्हणजे तारीख अडकली. या मुंबईत टोळ्यांनी तो शब्द असा काही पळवला की आता 'सुपारी दिली' म्हटलं की आधी पोलीस आठवतात. (त्या सुपारीचे पैसे बुडाले तर कोर्टात मागता येत नाहीत, हे जाता जाता. भारतीय करार कायद्याच्या कलम २३ प्रमाणे बेकायदा हेतूचा करार मुळातच रद्दबातल.)

याज्ञवल्क्यस्मृतीत तर यावर सरळ नियम आहे: 'सत्यंकारकृतं द्रव्यं द्विगुणं प्रतिदापयेत्.' सत्यंकार म्हणून घेतलेलं द्रव्य दुप्पट करून परत द्यायला लावावं. त्यावरच्या मिताक्षरेत, हो, वाटणीच्या दाव्यांत जिचं नाव आपण ऐकतो तीच मिताक्षरा, विज्ञानेश्वर अंगठीचं उदाहरण घेतो. सौद्याची खूण म्हणून एकाने दुसऱ्याच्या हाती अंगठी दिली. देणाराच उलटला तर त्याची अंगठी गेली. घेणारा उलटला तर त्याने दुप्पट भरपाई करायची. नऊशे वर्षांपूर्वी लिहिलेलं हे वाक्य आजच्या विसारपावतीत जवळजवळ जसंच्या तसं सापडतं, आणि लिहिणाऱ्या एजंटला त्याचा पत्ताही नसतो.

आता आजचा कायदा. करार कायदा १८७२ चा. त्यात विसाराची स्वतंत्र व्याख्या शोधायला गेलात तर मिळणार नाही. व्याख्या न्यायालयांनी घडवली. १९२६ साली प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे इंग्रजी अमलातल्या लंडनच्या शेवटच्या अपील न्यायालयाने, एका भारतीय खटल्यात सांगितलं ते आजही पहिलं वाक्य म्हणून वाचलं जातं. त्याचा मथितार्थ असा: व्यवहार पार पडला तर विसार किमतीतच जमा होतो, विकत घेणाऱ्याच्या चुकीने किंवा कुचराईने व्यवहार मोडला तर तो जप्त होतो.

म्हणजे विसाराला दोन नशिबं आहेत. सौदा झाला तर ९५ लाखांतले १ लाख आधीच दिलेले, उरले ९४. सौदा घेणाऱ्यामुळे फिसकटला तर ते १ लाख विकणाऱ्याचे. 'घेणाऱ्यामुळे' हा शब्द या सगळ्या गोष्टीचा कणा आहे, आणि एजंटच्या विनोदातून नेमका तोच गळतो.

१९६९ साली सर्वोच्च न्यायालयासमोर हनुमान कॉटन मिल्स आणि टाटा एअरक्राफ्ट यांचं प्रकरण आलं. विमानाच्या भंगाराचा १० लाखांचा सौदा, त्यात २५ टक्के म्हणजे अडीच लाख आधी भरलेले. गिरणीने उरलेले पैसे भरले नाहीत, कंपनीने अडीच लाख ठेवून घेतले. न्यायालयाने विसाराच्या खुणा एकेक करून मांडल्या. तो सौदा पक्का होताना दिलेला असावा. सौदा पुरा करू याची ती हमी असावी. सौदा झाला तर तो किमतीत धरला जावा. घेणारा चुकला तर तो जावा. आणि करारात उलट काही लिहिलेलं नसेल तर विकणाऱ्याला तो ठेवून घेण्याचा हक्क असावा. अडीच लाख कंपनीकडेच राहिले. तिथल्या अटींमध्ये ही रक्कम विसार म्हणून राहील असं साफ लिहिलेलं होतं, हे विसरू नका.

इथे बाकीचे शब्द बाजूला काढले पाहिजेत, कारण गोंधळ तिथेच होतो. अॅडव्हान्स किंवा आगाऊ रक्कम म्हणजे किमतीचा नुसता आधी दिलेला भाग. त्यात हमीचा वास नसतो, म्हणून व्यवहार मोडला तर सर्वसाधारणपणे ती परत करायची असते, विकणाऱ्याचं काही नुकसान झालं असेल तर ते वेगळं मागायचं. अनामत म्हणजे विश्वासाने ठेवलेली ठेव: भाड्याच्या घराचं डिपॉझिट, हॉलवाल्याने 'काही तुटलं-फुटलं तर' म्हणून घेतलेले पैसे. ती सहसा किमतीत धरली जात नाही, काम संपलं की परत. उचल ही मजुरीपोटी आधी घेतलेली रक्कम, ऊसतोडीच्या मुकादमाकडून घेतात ती. ती फेडायची कष्टाने. पागडी तर यातलं काहीच नाही. ती जुन्या चाळीतल्या भाडेकरूच्या हक्काची किंमत, १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने तिला मान्यता दिली. तिच्यावर लिहायचं तर वेगळा लेख लागेल आणि एखादी चाळ लागेल.

उरतं टोकन. कायद्याच्या पुस्तकात हा शब्द नाही. टोकन हे मुंबईच्या दलालीचं अपत्य आहे. त्याचा अर्थ एजंट ज्या दिवशी ज्याच्याशी बोलत असेल त्यावर ठरतो. देताना 'साहेब, नुसतं टोकन आहे, काळजी करू नका'. परत मागताना 'साहेब, टोकन होतं ना, ते कसं परत मिळेल?'

कोर्ट मात्र शब्दाला फार भुलत नाही. कागदावर 'अॅडव्हान्स' लिहिलं, पण घेणारा चुकला तर रक्कम जप्त होईल अशी अटही टाकली, तर तो विसारच ठरू शकतो. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने करारात 'अॅडव्हान्स' म्हटलेले २० लाख रुपये विसार मानले आणि विकणाऱ्याकडेच राहू दिले. उलटही होतं. कागदावर 'विसार' लिहिलं म्हणून निम्मी किंमत त्यात कोंबता येत नाही.

हे उलटं उदाहरण १९६३ सालचं आहे आणि माझ्या मते प्रत्येक घर घेणाऱ्याला ते ठाऊक हवं. फतेहचंद विरुद्ध बालकिशनदास. दिल्लीतल्या मालमत्तेचा सौदा, किंमत १,१२,५०० रुपये. विसार म्हणून १,००० दिले, ताबा घेताना आणखी २४,०००. पुढे व्यवहार मोडला आणि विकणारा म्हणाला, करारात लिहिलंय, सगळे २५,००० माझे. न्यायालयाने रक्कम मधोमध चिरली. १,००० विसार होते, ते गेले. २४,००० ही दंडासारखी अट, आणि दंडाला करार कायद्याचं कलम ७४ लागू होतं. हे कलम सांगतं की कराराच्या कागदावर भरपाईचा कितीही मोठा आकडा लिहा, तो आकडा ही वरची मर्यादा. मिळेल ती वाजवी भरपाई, त्या आकड्याच्या आत. म्हणजे कलम ७४ हे एक झाकण आहे. भांड्यात किती आहे ते कोर्ट बघणार, पण झाकणाच्या वर काही जाणार नाही.

सहा वर्षांनी बटाट्याचं प्रकरण आलं. मौला बक्ष नावाचा पुरवठादार लष्कराला बटाटे, कोंबड्या, अंडी आणि मासे पुरवणार होता. दोन कंत्राटं, त्यांसाठी १०,००० आणि ८,५०० रुपयांची अनामत. पुरवठा नीट झाला नाही, सरकारने कंत्राटं रद्द केली आणि दोन्ही रकमा खिशात घातल्या. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, ही सुरक्षा अनामत आहे, विसार नव्हे. आणि नुकसान किती झालं ते दाखवा. बटाटे बाजारात मिळतात. तेच बटाटे दुसरीकडून किती महाग घ्यावे लागले याचा आकडा सरकारला सहज देता आला असता. तो दिलाच नाही. पैसे परत.

आणि मग २०१५. हा निकाल मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक विकणाऱ्याला गोष्टीसारखा सांगतो. दिल्ली विकास प्राधिकरणाने एका भूखंडाचा लिलाव केला होता. सर्वात मोठी बोली ३ कोटी १२ लाखांची, त्याचे पाव म्हणजे ७८ लाख विसार म्हणून भरलेले. मुदतीवरून वर्षानुवर्षं घोळ चालला, शेवटी प्राधिकरणाने ७८ लाख जप्त केले आणि तोच भूखंड पुन्हा लिलावात काढला. तो विकला गेला ११ कोटी ७८ लाखांना. सर्वोच्च न्यायालयाने विचारलं ते कुणीही विचारलं असतं: तुमचं नुकसान कुठे झालं? विसार परत करायला लावला. कराराखालच्या विसारालाही कलम ७४ लागू आहे, आणि नुकसानच झालं नसेल तर भरपाई कसली, असं त्या निकालात आहे.

यावरून कुणी 'विसार आता कधीच जप्त होत नाही' असं समजू नये. निकालांचा सूर सगळीकडे एक नाही. खरेदीदार स्वतःच्या लहरीने उलटला, रक्कम किमतीच्या मानाने वाजवी आहे, कागदावर अट आहे, तर विसार जातो. २०२५ चा वर सांगितलेला निकाल त्याच वाटेचा आहे. त्यातून शिकण्यासारखी एक तांत्रिक गोष्ट अशी, की दावा लावताना 'घर माझ्या नावावर करून द्या' एवढंच मागितलं आणि 'ते नसेल तर विसार तरी परत द्या' हे लिहायचं राहिलं, तर कोर्ट आपणहून विसार परत देत नाही. विशिष्ट अनुतोष कायद्याच्या, म्हणजे करार प्रत्यक्ष पुरा करून मागण्याच्या कायद्याच्या, कलम २२ मध्ये तसं स्पष्ट आहे. दावा दुरुस्त करून ती मागणी घालता येते, पण आधी कुणाच्या तरी ते लक्षात यावं लागतं.

आता समजा विकणाराच फिरला. मुंबईत हे भाव चढत असताना हमखास होतं: विसार घेतला, दोन महिन्यांत दुसरं गिऱ्हाईक पाच लाख जास्त घेऊन दारात उभं. याज्ञवल्क्याचा दुप्पटीचा नियम आजच्या कायद्यात आपोआप लागू होत नाही. विसारपावतीत तशी अट असली तरी तिच्याकडेही कोर्ट कलम ७४ च्याच नजरेने बघतं. पण घेणाऱ्याच्या हातात त्याहून मोठी शस्त्रं आहेत. तो करार पुरा करून मागू शकतो. विशिष्ट अनुतोष कायद्याच्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर हा दिलासा पूर्वीइतका कोर्टाच्या मर्जीवर राहिलेला नाही. त्याला ते घर नकोच असेल तर विसार आणि नुकसानभरपाई मागू शकतो. आणि १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५५ सांगतं की घेणाऱ्याने दिलेल्या पैशापुरता, विसारासकट, त्या मालमत्तेवर त्याचा बोजा राहतो. बोजा म्हणजे त्या मालमत्तेतून आपले पैसे वसूल करण्याचा हक्क, मालकी नव्हे. विसारपावती हातात आली म्हणजे घरात पाय पडला असं समजणारे लोक मला भेटतात. त्याच कायद्याचं कलम ५४ स्पष्ट आहे: विक्रीचा नुसता करार मालमत्तेत कुठलाही हक्क निर्माण करत नाही.

आणि सौदाच पक्का झाला नसेल तर? हा प्रश्न भांडुपच्या प्रकरणाला सगळ्यात जवळचा. विसार हा पक्क्या सौद्याची खूण असतो. घराची किंमत ठरली, पण पैसे कधी द्यायचे, ताबा कधी, सोसायटीची ट्रान्सफर फी कोणी भरायची, कर्ज नाही झालं तर काय, यातलं काहीच ठरलेलं नाही आणि 'बाकीचं अॅग्रीमेंटच्या वेळी बघू' असं म्हणून पैसे दिले, तर सौदा अजून कच्चा आहे असं म्हणायला भरपूर जागा असते. कच्च्या सौद्याला विसार चिकटत नाही. ती रक्कम घेणाऱ्याची, तात्पुरती विकणाऱ्याकडे आलेली. ती परत करायची.

बिल्डरकडून नवं घर घेताना नियम थोडा सोपा आहे, कारण तिथे रेरा, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारा कायदा, मध्ये उभा आहे. नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. त्या कायद्याखालच्या राज्यातल्या प्राधिकरणाने, महारेराने, २०२२ मध्ये वाटपपत्राचा (अलॉटमेंट लेटरचा) जो नमुना घालून दिला त्यात बुकिंग १५ दिवसांत रद्द केलं तर काहीच कापायचं नाही, आणि त्यानंतर दिवसांप्रमाणे वाढत जाऊन जास्तीत जास्त २ टक्के. बुकिंगच्या काउंटरवर 'दहा टक्के नॉन-रिफंडेबल' असं कुणी म्हणालं तर वाटपपत्र मागून घ्या आणि तिथेच उभं राहून वाचा.

म्हाडाच्या लॉटरीत तुम्ही जी रक्कम भरता तिला मराठीत 'अनामत' म्हणतात, ते योग्यच आहे. घर लागलं नाही तर ती परत येते. सरकारी निविदांत मात्र 'बयाणा रक्कम' किंवा 'इसारा रक्कम' दिसते. तिथे खूण असते ती 'माझी बोली मी मागे घेणार नाही' याची. बोली मागे घेतली तर ती निविदेच्या अटींप्रमाणे जप्त होते, आणि वर सांगितलेल्या २०१५ च्याच निकालात एक अपवाद आहे, की सार्वजनिक लिलावाच्या अटींखाली, करार व्हायच्या आधीच, जप्ती झाली तर कलम ७४ चं झाकण लागत नाही. छोटे ठेकेदार इथे फार अडकतात.

रोखीबद्दल एकच वाक्य. घर-जमिनीच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घ्यायची नाही, विसार म्हणूनही नाही. घेतली तर तेवढाच दंड आयकर खातं रोख घेणाऱ्याला लावू शकतं.

तर मावसभाऊ. मी त्याला तो व्हॉट्सअॅप ग्रुप पुढे पाठवायला सांगितला आणि वर-खाली वाचला. किंमत होती. कार्पेट एरिया होता. कर्ज काढणार आहे हे याने पहिल्याच दिवशी लिहिलं होतं, आणि त्यावर मालकांच्या मुलाने अंगठा दाखवला होता. ओसीचा उल्लेख कुठेच नव्हता. आता मालमत्तेत किंवा तिच्या मालकी हक्कात घेणाऱ्याला साध्या काळजीने कळणार नाही असा महत्त्वाचा दोष असेल, आणि तो विकणाऱ्याला ठाऊक असेल, तर तो सांगणं विकणाऱ्याचं कर्तव्य आहे. कलम ५५ ची सुरुवातच तिथून होते. ओसी नसणं हा असा दोष आहे का, यावर मालकांच्या वकिलाने माझ्याशी वाद घातला असता, म्हणाला असता, महापालिकेत विचारलं असतं तर कळलं असतं. पण माझं म्हणणं त्याहून साधं होतं: सौदा घेणाऱ्याच्या कुचराईने मोडलेला नाही, आणि खरं तर तो पक्काही झालेला नव्हता. विसार जप्त व्हायला लागणाऱ्या दोन्ही गोष्टी इथे नाहीत.

मालकांशी मी स्वतः बोललो. आजोबा भले माणूस, पण दुखावलेले. "वकीलसाहेब, तुमच्या भावासाठी मी दुसरं गिऱ्हाईक सोडलं हो." हे खरं होतं. त्यांचं म्हणणं मला पटलंही, पण त्या दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या बँकेनेही ओसी मागितलीच असती. तसं मी सांगितलं. ते गप्प राहिले, मग आतून आजींचा आवाज आला, "देऊन टाका हो, कुणाचं ठेवायचं नाही." दोन चेक मिळाले, ५०-५० हजारांचे, महिन्याच्या अंतराने. परतीचीही पावती केली. पैसे परत आले की आनंदाच्या भरात लोक हा कागद विसरतात, आणि वर्षभराने जुना मेसेज दाखवून कुणीतरी म्हणतं, सौदा झाला होता.

पुढच्या वेळी भाऊ शहाणा झाला. मुलुंडला घर पाहिलं, एजंटने पाठवलेली एक पानाची टोकन रिसीट सही करायच्या आधी माझ्याकडे पाठवली. रक्कम फक्त २१,०००. खाली जाड अक्षरात: 'नॉन-रिफंडेबल इन एनी केस.' मी ती ओळ खोडली आणि त्या जागी आमच्या कागदांची भाषा लिहिली ('लिहून घेणार' म्हणजे विकत घेणारा, 'लिहून देणार' म्हणजे विकणारा):

'लिहून घेणार यांनी ठरल्या किमतीपैकी २१,००० रुपये विसार म्हणून आज रोजी दिले. लिहून घेणार यांनी विनाकारण व्यवहार मोडल्यास सदर विसार जप्त होईल. लिहून देणार यांनी व्यवहार मोडल्यास, अथवा मालमत्तेच्या कागदपत्रांतील त्रुटीमुळे कर्ज मंजूर न झाल्यास, सदर रक्कम १५ दिवसांत परत करावी लागेल.'

तीन वाक्यं. पहिल्यात रक्कम कशाची आहे ते, दुसऱ्यात ती कधी जाते ते, तिसऱ्यात ती कधी परत येते ते. त्यात 'विनाकारण' हा शब्द मी मुद्दाम घालतो; वाद झालाच तर तो त्या एका शब्दावर व्हावा, सगळ्या पानावर नको.

अर्ध्या तासाने मुलुंडच्या एजंटचा फोन आला. तरुण आवाज, नम्र. "सर, बाकी सगळं ओके आहे. फक्त हे विसार म्हणजे काय असतं? टोकनच लिहू का?"

मी म्हटलं, थांबा, सांगतो.